प्रसरणाचं कार्य काढताना आधी मार्ग बघ

वायू पसरताना किती कार्य करतो ते काढायचं असेल तर सूत्राकडे धावू नकोस. आधी दाब-आकारमान आलेख काढ, अगदी वेडावाकडा चालेल. कार्य म्हणजे त्या रेषेखालचं क्षेत्रफळ, त्यामुळे सुरुवात आणि शेवटचं आकारमान तेच असूनही मार्ग बदलला की उत्तर बदलतं.

समज, सिलिंडरमधली हवा ५०० किलोपास्कलवर ०.१ घनमीटर आहे, ती ०.२५ पर्यंत पसरते. दाब स्थिर असेल तर कार्य ५०० × ०.१५ = ७५ किलोज्यूल. तापमान स्थिर असेल तर ५० × ln २.५, म्हणजे सुमारे ४५.८. उष्णतारोधक आणि संथ, प्रतिवर्ती (त्याच मार्गाने उलट नेता येईल असं) प्रसरण असेल (γ, म्हणजे विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर = १.४) तर शेवटचा दाब १३८.६ वर येतो आणि कार्य जेमतेम ३८.४. क्रम उलटा आला तर कुठेतरी चुकलंयस.

बहुतेकांचे गुण दोन जागी जातात: गेज दाबात (वातावरणाच्या दाबापेक्षा किती जास्त ते दाखवणाऱ्या) वातावरणाचा दाब मिळवायचा राहतो, आणि तापमान केल्व्हिनमध्ये न बदलता सेल्सिअसमध्येच घातलं जातं.

वाफ असेल तर आदर्श वायूचं समीकरण बाजूला ठेव, वाफेचा तक्ता उघड. ५०० किलोपास्कलला संपृक्त (उकळण्याच्या बिंदूवरच्या) द्रवाचं विशिष्ट आकारमान ०.००१०९३, बाष्पाचं ०.३७४९ घनमीटर प्रति किलो. तुझा आकडा या दोघांच्या मधे पडला, तर ते द्रव आणि बाष्पाचं मिश्रण आहे. आधी शुष्कता, म्हणजे वस्तुमानातला बाष्पाचा वाटा, काढ. तिथे तापमान १५१.८ अंश सेल्सिअसच असतं, दाबासोबत ते वेगळी माहिती देत नाही.