टोपडे सैल, बाहुली घट्ट : क्रोशाविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात क्रोशाविषयी आलेली बहुतेक पत्रे लहान मुलांच्या टोप्या आणि आत कापूस भरलेली विणलेली खेळणी यांविषयीची आहेत. दोन्हींची सुरुवात एकाच गोल चकतीने होते, म्हणून टोपी जमली की बाहुलीही जमेल असे अनेकींनी गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात टोपीला ताणले जाणारे, सैल विणकाम लागते आणि खेळण्याला बोट शिरणार नाही इतके घट्ट. पत्रांतील निम्म्याहून अधिक अडचणी हा फरक लक्षात न आल्यामुळे निर्माण झालेल्या आहेत, असे मला वाटते.

प्रश्न : नातवाच्या बारशासाठी टोपडे विणावयास घेतले आहे. रुखवताचे रुमाल आणि तोरणे मी अनेक वर्षे विणत आले आहे, परंतु टोपीचा माथा सपाट बसत नाही. कधी कडेला झालर येते, तर कधी तो वाटीसारखा खोलगट होतो. माप कसे ठरवावे? — वाचक भगिनी, मिरज

उत्तर : आपला हात बसलेला आहे, त्यामुळे अडचण हाताची नसून हिशेबाची आहे. वर्तुळाची त्रिज्या जितकी वाढते, त्याच्या सुमारे सव्वासहा पट त्याचा परीघ वाढतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. क्रोशाच्या प्रत्येक फेरीत त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते. मुका खांब हा बुटका टाका जवळजवळ जितका रुंद तितकाच उंच असल्यामुळे त्याची सुरुवात ६ टाक्यांनी करून प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवले, म्हणजे ६, १२, १८, २४ असे मोजत गेले, की चकती सपाट राहते. अर्धा खांब अधिक उंच असतो, म्हणून त्याला साधारण ८ ते १० टाक्यांची वाढ लागते, आणि पूर्ण खांबाला १२. मुक्या खांबाचा हिशेब पूर्ण खांबाला लावला की माथा खोलगट होतो आणि उलट केले की झालर येते. (झालर येणे हा दोषच असतो असे नाही. लॅटव्हियात जन्मलेल्या गणितज्ज्ञ डायना ताइमिना यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मुद्दाम अधिक टाके वाढवत नेऊन अशी झालरदार विणकामे केली आणि कागदावर समजण्यास कठीण असलेली अतिपरवलयी (हायपरबोलिक) भूमिती, म्हणजे अशा झालरीसारख्या पृष्ठभागांची भूमिती, विद्यार्थ्यांच्या हातात ठेवली. बारशाच्या टोपड्याला मात्र ती नको.)

टाक्यांची संख्या बरोबर असूनही खोलगटपणा राहत असेल, तर आपण टाका फार आवळून ओढत आहात असे समजावे आणि अर्ध्या मिलिमीटरने मोठी सुई घ्यावी. रुमाल विणणाऱ्यांच्या हाताला बारीक सुई आणि ताठ दोरा यांची सवय असते, त्यामुळे लोकरही त्याच ताणाने ओढली जाते. वाढवलेले टाके प्रत्येक फेरीत एकावर एक येऊ देऊ नयेत, अन्यथा माथा गोल न होता षट्कोनी दिसतो. एका फेरीत वाढ टाक्यांच्या गटाच्या सुरुवातीला आणि पुढच्या फेरीत गटाच्या मध्यावर केली की हा दोष राहत नाही.

मापासाठी बाळाच्या डोक्याचा घेर कपाळावरून आणि कानांच्या वरून मोजावा, त्यातून २ ते ३ सेंटिमीटर वजा करावेत आणि उरलेल्या संख्येला ३.१४ ने भागावे. जो आकडा येईल तितक्या व्यासाची चकती झाली की टाके वाढवणे थांबवून सरळ फेऱ्या विणाव्यात. वर्षाच्या मुलाचा घेर साधारण ४६ सेंटिमीटर असतो, म्हणजे टोपी ४४ ची, चकती १४ सेंटिमीटरची आणि माथ्यापासून कडेपर्यंतची खोली १६ ते १७ सेंटिमीटर. वजाबाकी यासाठी करावयाची की विणकाम ताणले जाते, आणि घेराइतकीच विणलेली टोपी दोन दिवसांत डोळ्यांवर उतरते. नवजात बाळाचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो, परंतु पहिल्या तीन महिन्यांत तो दर महिन्याला जवळपास २ सेंटिमीटरने वाढत असल्याने बाराव्या दिवसाच्या मापाचे टोपडे महिनाभरही पुरणार नाही. म्हणून थोडे मोठे विणून त्याची कड दुमडून घालावी आणि पुढे ती उलगडावी, असे मी सुचवीन.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्याकडच्या कुंचीला आणि टोपड्याला हनुवटीखाली बांधायचे बंद असतात, आणि त्यांवर गोंडे लावण्याची हौसही असते. बाळ झोपेत असताना असे बंद मानेभोवती आवळले जाण्याचा धोका असतो, म्हणून बंद न लावता कान झाकणारी पाळी विणावी, ती पुरेशी होते. घरात बाळ झोपले की टोपी काढून ठेवावी, कारण तान्ह्या बाळाच्या शरीरातील उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर पडते आणि टोपीमुळे ती अडून बाळाला फार उकडू शकते. फुलवलेली, केसाळ लोकर या वयाला अजिबात वापरू नये, कारण तिचे तंतू सुटून बाळाच्या तोंडात जातात. निफाडच्या थंडीत मऊ अक्रिलिक चालेल, परंतु मुंबईच्या दमट हवेत सुती धागाच बरा.

प्रश्न : टोप्या छान जमतात म्हणून त्याच लोकरीने आणि त्याच सुईने हत्ती विणला. आतला कापूस टाक्यांतून डोकावतो आणि डोके एका बाजूला कलते. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : सुई बदला, बहुतांश अडचण तेथेच सुटेल. लोकरीच्या वेष्टनावर छापलेला सुईचा आकार कपड्यांसाठी असतो. खेळण्यासाठी त्याहून १ ते १.५ मिलिमीटर बारीक सुई घ्यावी, म्हणजे टोपीला ४ मिलिमीटरची सुई घेतली असेल तर त्याच लोकरीच्या हत्तीला २.५ किंवा ३ मिलिमीटरची. हाताला सुरुवातीला जड जाईल, परंतु असे विणकाम कापूस भरताना फाकत नाही. विणलेल्या खेळण्यांची जी जपानी पद्धत अमिगुरुमी या नावाने सर्वत्र पोहोचली आहे, तिच्यात म्हणूनच जवळजवळ सर्व काम मुक्या खांबाचे असते. फेरी साखळीने न जोडता गोल गोल पुढे नेतात, त्यामुळे पाठीवर शिवणीसारखी रेषा दिसत नाही. मात्र फेरीचा पहिला टाका कोणता हे कळावे यासाठी तेथे वेगळ्या रंगाचा धागा किंवा सेफ्टी पिन अडकवून ठेवणे आवश्यक असते. चकतीची वाटी होऊ लागली की विणकामाची सुलट बाजू बाहेर आहे ना, हेही पाहून घ्यावे. उलट बाजूला आडव्या रेषा दिसतात आणि ती थोडी अधिक सैल असते.

गोळा हवा असल्यास जितक्या फेऱ्या वाढीच्या, साधारण तितक्याच सरळ आणि तितक्याच घटीच्या, हे प्रमाण लक्षात ठेवावे. ३६ टाक्यांपर्यंत वाढलेले डोके ६ फेऱ्यांत वाढते, पुढे ६ फेऱ्या सरळ जातात आणि नंतर घट सुरू होते. दोन टाके एकत्र करताना दोन्ही टाक्यांचा केवळ पुढचा धागा सुईवर घेतला, तर घटीची जागा दिसत नाही आणि तेथे भोकही पडत नाही. हे एवढे एक तंत्र शिकून घेतले तरी खेळण्याचे रूप पालटते.

डोके कलते याचे कारण मानेची जागा अरुंद असते आणि तेथे भरण कमी पडते. मान बंद करण्यापूर्वी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने लहान लहान पुंजके दाबून भरावेत, आणि शक्य असल्यास डोके व धड वेगळे विणून जोडण्याऐवजी मान थोडी रुंद ठेवून सलग विणावे. भरणासाठी पॉलिस्टरचा तंतुमय कापूस घ्या. साध्या कापसाच्या धुतल्यावर गाठी होतात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तो आतून वाळतच नाही. तांदूळ किंवा डाळ भरण्याचा सल्ला अनेकजण देतात, परंतु त्यात कीड होते आणि खेळणे धुता येत नाही.

प्रश्न : इंग्रजी नमुन्याप्रमाणे टोपी विणली तर ती सांगितलेल्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट झाली. — एक वाचक, बडोदे

उत्तर : नमुना अमेरिकन आहे की ब्रिटिश, हे आधी तपासा. अमेरिकन नमुन्यात ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तोच आपला मुका खांब ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे असतो, आणि अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला पूर्ण खांब. ब्रिटिश नमुन्यातील डबल क्रोशे अमेरिकन समजून विणला की मुक्या खांबाच्या जागी उंच पूर्ण खांब येतो आणि टोपी अशी वाढते. नमुन्यात सिंगल क्रोशे हा शब्द कोठेतरी आला असेल तर तो अमेरिकन समजावा, कारण ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाका सहसा वापरलाच जात नाही.

प्रश्न : दोन वर्षांच्या भाचीला ससा विणून द्यायचा आहे. बाजारात मिळणारे, मागून चकतीने घट्ट बसणारे प्लास्टिकचे डोळे लावावेत का? — एक वाचक, अकोला

उत्तर : लावू नयेत. ते डोळे चकतीतून सहसा निघत नाहीत हे खरे आहे, परंतु ते विणकामात अडकवलेले असतात, आणि मुलाने चावून किंवा ओढून टाका सैल केला की डोळा चकतीसकट बाहेर येऊ शकतो. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत गिळता येण्याजोगा सुटा भाग नसावा, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. असे भाग ओळखण्यासाठी प्रयोगशाळांत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात, आणि त्या नळीत पूर्ण मावणारी प्रत्येक वस्तू धोक्याची मानतात. मणी, बटणे आणि घुंगरू यांनाही हेच लागू आहे. डोळे काळ्या धाग्याने भरतकाम करून काढावेत. धाग्याचे डोळे अधिक बोलके होतात असे माझे मत आहे, कारण पापणीचा कल एका टाक्याने बदलता येतो. कान व हात पाय जोडताना धागा दोनदा फिरवावा आणि त्याचे टोक आतल्या कापसात खोलवर नेऊन मगच कापावे.

प्रश्न : दूरचित्रवाणीवरील मुलांच्या मालिकांमधील पात्रे विणून मी बचत गटाच्या प्रदर्शनात ठेवू इच्छिते. त्यांना मागणी खूप आहे. काही अडचण येईल का? — वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : येऊ शकते. आपल्या घरातल्या मुलासाठी एखादे पात्र विणणे आणि ते विकणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. अशा पात्रांच्या चित्रांवर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे निर्मात्याचा हक्क असतो, पात्राचे नाव बहुधा व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेले असते, आणि परवानगीशिवाय विक्री केल्यास हक्कधारक कारवाई करू शकतो. नमुना विकत घेतला म्हणून हा अधिकार मिळत नाही, कारण नमुना विकणाऱ्याकडेही तो अनेकदा नसतो.

दुसरी बाब प्रमाणपत्राची. केंद्र सरकारचा २०२० चा खेळण्यांविषयीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, आणि १४ वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त, हस्तशिल्प या कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः तयार करून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. गटातील भगिनींनी विक्रीपूर्वी ही नोंदणी करून कारागीर ओळखपत्र घ्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

पात्रांचे म्हणाल, तर आपल्या घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. लेकीकडे निघालेली म्हातारी आणि टुणुक टुणुक जाणारा भोपळा यांचा संच करून पाहा. भोपळा पोकळ ठेवून वर देठाचे झाकण विणावे, फोडींच्या रेषांसाठी आधीच्या फेरीतील खांबाच्या दांड्याभोवती सुई घालून उभे खांब उठवावेत, आणि नऊवारीतली म्हातारी आत मावेल इतकी लहान करावी. वाटेत भेटणारे वाघोबा आणि कोल्होबा जोडीला दिले की मूल स्वतःच गोष्ट सांगू लागते. मेणाच्या घरातली चिऊ आणि शेणाच्या घरातला काऊ हाही असाच एक संच. चेहरे आणि नमुना सर्वस्वी आपले असल्यामुळे इतर गटांच्या मेजांवर ते दिसणार नाहीत.

किंमत ठरवताना लोकर व कापसाच्या खर्चात आपल्या तासांचा मोबदला मिळवाच. दोन सुयांवरचे विणकाम यंत्रावर होते, क्रोशाचे मात्र आजही हातानेच करावे लागते. ग्राहक यंत्रावरच्या स्वस्त टोपीशी तुलना करू लागला, तर त्याला हा फरक शांतपणे सांगावा आणि किंमत उतरवू नये.

प्रश्न : कर्करोगाच्या उपचारांत केस गेलेल्या रुग्णांसाठी टोप्या विणून द्याव्यात अशी आमच्या महिला मंडळाची इच्छा आहे. काय काळजी घ्यावी? — महिला मंडळ, डोंबिवली

उत्तर : प्रथम संबंधित रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला विचारावे. या रुग्णांची प्रतिकारशक्ती उपचारांमुळे कमी झालेली असते, त्यामुळे कोणत्या धाग्याच्या आणि कशा बांधलेल्या टोप्या चालतील हे त्यांच्याकडूनच कळले पाहिजे. या काळात टाळूची त्वचा हुळहुळी होते, म्हणून टोचणारी लोकर, जाड शिवण आणि जरीचा धागा वर्ज्य समजावा. मऊ सुती धागा घेऊन मोठ्या सुईने अर्ध्या खांबात विणावे. केस नसल्यामुळे घेर नेहमीपेक्षा थोडा कमी लागतो. प्रौढांसाठी ५२ ते ५४ सेंटिमीटर पुरेसे होते, आणि खोली २० सेंटिमीटरपर्यंत ठेवावी, कारण मानेवरचा भागही झाकलेला हवा असतो. जाळीदार नमुने टाळावेत, कारण उघडी टाळू दिसू नये ही अनेक रुग्णांची इच्छा असते. सर्व टोप्या सुगंध नसलेल्या साबणाने धुवून, उन्हात पूर्ण वाळवून प्रत्येक टोपी स्वतंत्र पिशवीत बंद करावी, आणि पिशवीवर घेर व धाग्याचा प्रकार लिहावा, म्हणजे रुग्णाला आपल्या मापाची टोपी न उघडता निवडता येईल.