ब्रूस ली, जॅकी चॅन पाहून झाले. आता फारसं कुणी नाव घेत नाही असा एखादा जुना, दमदार कुंग-फू सिनेमा सांगाल का?

'द एट डायग्रॅम पोल फायटर'. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीचा, १९८४चा. दिग्दर्शक लाऊ कार-लेउंग, नायक गॉर्डन लिऊ. याच जोडीच्या 'थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'चं (१९७८) नाव सगळे घेतात, याचं राहून जातं.

मी यवतमाळकडचा, गावच्या आखाड्यात लाठी फिरवलेला. वऱ्हाडाला लाठी नवी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळ दाखवून आलं. तरी आमच्या आखाड्यातल्या पोट्ट्यांना हा सिनेमा ठाऊक नसतो!

गोष्ट यांग घराण्याची. बाप आणि सात मुलगे दगाबाजीने रणात घेरले जातात. सहावा घरी परततो, पण वेडा होऊन. पाचवा, म्हणजे आपला गॉर्डन लिऊ, लपतछपत निघतो, भाल्याचं पातं स्वतःच छाटतो आणि उरलेली काठी घेऊन मठात जातो. एवढा संतापी माणूस मठाला नको असतो. मग हा स्वतःच डोकं भादरतो, भिक्खूंच्या डोक्यावर असतात तसे उदबत्तीचे चटकेही स्वतःच देऊन घेतो.

आता हातांकडे बघा. आमची लाठी गरगर फिरते, याची टोकाने टोचते. पातं गेलं तरी चाल भाल्याचीच राहिली ना! कॅमेराही लांब उभा राहून पायांसकट अख्खा माणूस दाखवतो, त्यामुळे लपवाछपवीला जागाच नाही. मठातले भिक्खू लाकडी लांडग्यांवर सराव करतात: लांडगा मारायचा नाही, दात तेवढे पाडायचे. शेवटी खानावळीत, शवपेट्यांच्या ढिगावर, हीच विद्या माणसांवर चालते तेव्हा अंगावर काटा येतो.

उत्तरार्धात कथा लंगडते, हे खरं. सहावा भाऊ झालेला अलेक्झांडर फू शेंग चित्रीकरण संपायच्या आधीच, जुलै १९८३मध्ये, मोटार अपघातात गेला. त्यामुळे ते पात्र मधूनच नाहीसं होतं आणि पुढचा भार बहीण झालेल्या कारा हुईवर येतो. मला ती पोकळी खटकत नाही. घरातलं माणूस तसंच जातं, वाक्य अर्धवट टाकून.

सुरुवातीची लढाई स्टुडिओतली, नाटकी वाटेल. तिथे बंद करू नका. इंग्रजी डबिंग टाळून सबटायटल्ससह बघा. लहान पोरं सोबत असतील तर शेवटचा दात पाडण्याचा भाग आधी एकट्याने बघून घ्या, बराच रक्तबंबाळ आहे.