चित्रकाराचे टपाल तिकीट

प्रश्न : टपाल तिकिटासारखे दिसणारे निषेधचित्र ही कला मानावी, की बनावटगिरी? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : कलाच मानावी, कारण बनावट तिकीट स्वतःला लपवते, तर हे ओळखू यावे म्हणूनच काढलेले असते. ब्रिटिश कलावंत जेम्स कॉटी यांनी २००३ मध्ये, इराक युद्धाच्या काळात, राणी एलिझाबेथ यांच्या परिचित मुखचित्रावर विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा चढवला. दातेरी कडांच्या त्या इवल्याशा चौकोनात राजसत्तेचा चेहराच गुदमरलेला दिसतो, आणि मला हेच फार मोलाचे वाटते. कायदेशीर कारवाईचा इशारा त्यांना मिळालाच. होळकर दरबारानेही १८८६ मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांच्या मुखचित्राचे तिकीट काढले होते, त्यामुळे तिकिटावरचा चेहरा म्हणजे सत्ता, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. मात्र सरकारी तिकिटाची नक्कल करणे आपल्याकडे गुन्हा आहे, म्हणून रचना सर्वस्वी स्वतःची असावी आणि ती पाकिटावर चिकटवून टपालपेटीत टाकू नये.