शासन आणि गाव यांच्या भागीदारीतून झालेला विकास टिकतो का?

टिकतो, पण निर्णय गावाच्या हाती असेल तरच, असे माझे स्पष्ट मत आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार १९९० च्या दशकात राज्याच्या आदर्श गाव योजनेत आले, तेव्हा पाणलोटाच्या कामांना शासनाचा निधी मिळाला. मात्र श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी या अटी पाळण्याची जबाबदारी ग्रामसभेने उचलली. बंधारे इतरत्रही झाले, आणि देखभालीअभावी गाळाने भरलेही. इथे मात्र पावसाची नोंद आणि विहिरींची पातळी पाहून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो, पिण्याचे पाणी आधी राखले जाते आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरतात. शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास बंदी आहे. असा नियम केवळ मंत्रालयातून आदेश काढून पाळला गेला नसता.