तोतया, तोतयी की दावेदार?

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या गावच्या चित्रपट मंडळात १९५६ चा “अनास्तासिया” दाखवणार आहोत. परिचयपत्रक मी लिहिते आहे. “झारच्या मुलीची तोतया” असं लिहिलं, तर एकीने “तोतयी” केलं आणि दुसरीने “तोतया पुल्लिंगी आहे, झारच्या मुलीचा तोतया असं लिही” म्हणून सुचवलं. बरोबर काय? आणि सिनेमातल्या डाउजर एम्प्रेसला राजमाता म्हटलं तर चालेल का?’

आधी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण उत्तराचा निम्मा भाग तिच्यातच आहे. हा सिनेमा मी मावशीबरोबर पाहिला होता. इंग्रिड बर्गमन फाटक्या कपड्यांत पॅरिसच्या रस्त्यावरून जाते आहे, यूल ब्रिनरचा जनरल बुनिन तिच्या मागावर आहे. मावशीला इंग्रजी संवाद भराभर कळत नव्हते म्हणून मी मध्ये मध्ये सांगत होतो. ‘ही त्या राजकन्येची तोतया,’ म्हटलं तर मावशी फणकारली, ‘तोतया कशाला म्हणतोस? ठरलंय का अजून?’

मावशीचा मुद्दा व्याकरणाचा नव्हता, पण शब्दाच्या वर्मावर बोट ठेवणारा होता. ‘तोतया’ हा नुसता वर्णनाचा शब्द नाही, तो निकाल आहे. ‘अमुक माणूस तोतया आहे’ म्हणताना आपण दोन गोष्टी गृहीत धरतो: खरा कुणी दुसराच आहे, आणि हा ते जाणून फसवतो आहे. या सिनेमाचा सगळा जीव तर या दोन्ही गोष्टी ठरू न देण्यात आहे. तिची स्मृती गेलेली आहे. आपण कोण हे तिचं तिलाच ठाऊक नाही. तिला पढवणारे मात्र पक्के जाणून आहेत की आपण फसवणूक करतो आहोत. म्हणजे तोतयेगिरी आहे, पण तोतया नेमका कोण, हा प्रश्नच आहे!

आता लिंगाचं बघू.

‘तोतया’ चालतो ‘रुपया’सारखा. रुपया, रुपये, रुपयाला, रुपयांनी. तोतया, तोतये, तोतयाला, तोतयांनी. आकारान्त पुल्लिंगी नामाचं स्त्रीलिंग ईकारान्त करायचं या नियमाने ‘तोतयी’ होईल, व्याकरण त्याला हरकत घेणार नाही. पण अनेकवचन करून बघा. नदी-नद्या, काठी-काठ्या, तशा तोतयी-तोतय्या! भोंडल्याचं गाणं सुरू झाल्यासारखं वाटतं. हसू येतं ते कानाला सवय नाही म्हणून, आणि सवय नाही कारण या रूपाची कधी गरजच पडली नाही. आपल्या इतिहासातले गाजलेले तोतये सगळे पुरुष.

वर्तमानपत्रं हा प्रश्न रोज सोडवतात, आपलं लक्ष नसतं इतकंच. ‘तोतया पोलिसांनी वृद्धेला लुटले’, ‘तोतया महिला अधिकाऱ्यास अटक’. इथे शब्द विशेषणासारखा वापरलेला आहे, पण विशेषणासारखा बदलत नाही. ‘नवा’ असता तर ‘नव्या पोलिसांनी’, ‘नवी अधिकारी’ झालं असतं. तोतया जागचा हलत नाही. स्त्री असली तरी तोतयाच. वकील, साक्षीदार, वारसदार हे शब्दही असेच वागतात. ‘ती फितूर साक्षीदार निघाली’ म्हणतो, ‘साक्षीदारीण’ म्हणत नाही. तेव्हा ‘ती तोतया निघाली’ हे निर्दोष मराठी आहे.

खरी अडचण षष्ठीत येते, आणि तुमच्या मैत्रिणी नेमक्या तिथेच अडल्या. भाऊसाहेबांचा तोतया, पण अनास्तासियाचा की अनास्तासियाची? प्रत्यय बोलतो तो ज्या व्यक्तीबद्दल आपण सांगतो आहोत तिच्या लिंगाप्रमाणे. ‘आमची वकील हुशार आहे’, ‘त्याची साक्षीदार उलटली’. म्हणून ‘अनास्तासियाची तोतया’. ‘अनास्तासियाचा तोतया’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, कुणीतरी दाढीमिशा काढून आला आहे.

भाऊसाहेबांचं नाव आलंच आहे तर थोडं थांबतो. मराठीत हा शब्द इतका रुतून बसला त्याचं मोठं श्रेय पानिपताला आहे. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ रणात पडले, पण ते पडले यावर कित्येकांचा विश्वास बसेना. (‘विश्वास तर पानिपतात गेला’ हा आपला जुना विनोद इथे वेगळ्याच अर्थाने उलटतो.) पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. अशा वेळी सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. पकडला गेला, कैदेत पडला, सुटला, आणि १७७६ मध्ये तर त्याने कोकणात फौज जमवून किल्ले घेतले. पेशव्यांच्या फौजेने त्याचा मोड केला आणि पुण्यात त्याला देहांत शिक्षा झाली. पुढे न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं आणि शब्द घरोघरी पोचला.

हे सांगायचं कारण असं की तोतया एकट्याच्या हुशारीवर उभा राहत नाही. तो खपावा लागतो, आणि खपतो तो गेलेलं माणूस परत यावं असं वाटणाऱ्यांच्या जिवावर. रशियाचंही तेच झालं. १७ जुलै १९१८ ला येकातेरिनबुर्गमध्ये झार निकोलस, त्याची बायको आणि पाचही मुलं मारली गेली, पण झारच्या आईने, मारिया फ्योदोरोव्हनाने, हे मरेपर्यंत मान्य केलं नाही. मग ‘मी वाचले’ म्हणणारे एकामागून एक उगवले. त्यातली सगळ्यांत चिवट म्हणजे जिला जग अ‍ॅना अँडरसन म्हणून ओळखतं ती. फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिनमध्ये तिने कालव्यात उडी घेतली. बाहेर काढल्यावर नाव सांगेना, तेव्हा इस्पितळात तिची नोंद ‘फ्रॉइलाइन उनबेकांट’ अशी झाली, म्हणजे कुमारी अज्ञात. आपल्या पोलीस ठाण्याच्या भाषेत ‘अनोळखी महिला’.

या बाईचं प्रकरण जर्मन न्यायालयांत १९३८ पासून १९७० पर्यंत चाललं. शेवटचा निकाल काय? तर ती अनास्तासिया असल्याचं शाबीत झालं नाही. ती अनास्तासिया नाही, असा तो निकाल नव्हता. आपल्या कोर्टकचेरीच्या मराठीत याला फार नेमकी शब्दयोजना आहे: दावा नाशाबीत. दावा खोटा ठरणं वेगळं, नाशाबीत होणं वेगळं. तेव्हा १९७० पर्यंत, आणि नंतरही, तिला काटेकोरपणे ‘दावेदार’ म्हणायला हवं होतं. १९८४ मध्ये ती अमेरिकेत वारली. पूर्वीच्या एका शस्त्रक्रियेनंतर इस्पितळात जपलेल्या तिच्या ऊतीची १९९४ मध्ये डीएनए चाचणी झाली. रोमानोव्ह घराण्याशी नातं निघालं नाही. निघालं ते फ्रान्झिस्का शान्झकोव्स्का या पोलिश कारखाना-कामगार बाईच्या घराण्याशी. हे नाव १९२७ मध्येच एका खासगी गुप्तहेराने पुढे आणलं होतं. म्हणजे मरणानंतर दहा वर्षांनी ‘दावेदार’ची ‘तोतया’ झाली. त्यातही ती जाणूनबुजून फसवत होती की स्वतःलाच अनास्तासिया समजून बसली होती, हे डीएनए सांगत नाही. दुसरं खरं असेल तर ‘तोतया’ हा शब्द मला तिच्यावर अन्याय करणारा वाटतो.

कायद्याचं मराठी मात्र इतकं हळवं नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ४१६ मध्ये, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ३१९ मध्ये, जो गुन्हा आहे त्याला मराठीत ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ म्हणतात. गंमत अशी की ज्याचं सोंग घेतलं तो माणूस खरा असो वा काल्पनिक, कायद्याला फरक पडत नाही. बोलीत फरक पडतो. नसलेल्या माणसाचा तोतया आपण म्हणत नाही, तिथे भोंदू, ठकसेन असे शब्द येतात.

इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. इंग्रजी मजकुरात सिंहासनाच्या संदर्भात ‘प्रिटेंडर’ दिसला की काही जण सरळ ‘ढोंगी’ लिहून मोकळे होतात. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ हक्क सांगणे. ब्रिटनच्या जेम्स स्टुअर्टला ‘ओल्ड प्रिटेंडर’ म्हणत. तो राजाचाच मुलगा होता, ढोंगी नव्हे, गादी न मिळालेला. तिथे ‘दावेदार’च हवं.

आणि ज्या देशाची ही कथा आहे त्या रशियाच्या भाषेत काय म्हणतात? ‘समझ्वानेत्स’. ‘सम’ म्हणजे स्वतः, ‘झ्वात’ म्हणजे हाक मारणे, नाव घेणे. स्वतःच स्वतःला नाव देणारा. हे ‘झ्वात’ आणि आपल्या ‘आह्वान’मधला ‘ह्वे’ धातू एकाच मुळाचे. (ज्याचं आपण ‘आव्हान’ केलं आणि वर ‘आवाहन’शी घोळ घालून ठेवला, तोच.) रशियनला स्त्रीलिंगी रूपही तयार आहे, ‘समझ्वान्का’, कारण त्यांना गरज पडली होती. १७७५ मध्ये पीटर्सबर्गच्या किल्ल्यात कैदेत मेलेली तथाकथित राजकन्या ताराकानोवा ही त्यांची प्रसिद्ध समझ्वान्का. पुरुषांत तर १६०५ मध्ये खोटा दिमित्री चक्क झारच्या गादीवर जाऊन बसला होता. आपल्या सुखनिधानला एवढं जमलं नाही.

पत्रकासाठी मला विचाराल तर ‘तोतया’ शब्द पहिल्या ओळीत नकोच. त्याने सिनेमाच फोडल्यासारखा होतो. ‘सोंग’ वापरा. सोंग खोटं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ते ‘वठतं’. बहुरूप्याने पोलिसाचा वेष घेतला म्हणून त्याला कुणी तोतया पोलीस म्हणत नाही. इथे बँक ऑफ इंग्लंडमध्ये झारने ठेवलेल्या एक कोटी पौंडांसाठी काही लोक एका बाईला राजकन्येचं सोंग देतात; चालणं, बोलणं, नातेवाइकांची नावं घोटून घेतात. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, ही म्हण बहुधा त्यांना कुणी सांगितली नसावी, पण ते वागतात मात्र तिला धरूनच. आणि सोंग इतकं वठतं की देणाऱ्यालाच ते सोंग आहे की काय याची शंका येऊ लागते. शेवटी जमलेल्या पाहुण्यांना काय सांगणार असं विचारल्यावर म्हातारी सम्राज्ञीही नाटकाचीच भाषा बोलते: नाटक संपलं, घरी जा.

या म्हातारीचा तुमचा दुसरा प्रश्न. ‘राजमाता’ चालेल, पण दोन शब्दांचे आधार वेगळे आहेत हे लक्षात असू द्या. ‘डाउजर’ हा मान नवऱ्याकडून येतो, राजाची विधवा म्हणून. ‘राजमाता’ हा मुलाकडून. जिजाऊ राजमाता झाल्या त्या शिवरायांमुळे. मुलगा गादीवर न बसलेल्या डाउजरला राजमाता म्हणणं चूक ठरेल. मारिया फ्योदोरोव्हना झार निकोलसची आई, त्यामुळे इथे दोन्ही जुळतं. हेलन हेजने ती भूमिका केली आहे. प्रत्यक्षातली मारिया अ‍ॅना अँडरसनला कधी भेटलीच नाही, १९२८ मध्ये ती वारली. सिनेमातला दोघींच्या भेटीचा प्रसंग पूर्णपणे नाटककाराचा, म्हणजे ज्या नाटकावरून हा सिनेमा झाला त्याच्या लेखिकेचा.

जाता जाता नावाबद्दल. ‘अ‍ॅनास्टेशिया’ हा इंग्रजी उच्चार, रशियन ‘अनास्तासिया’, जोर ‘सि’वर. तुम्ही लिहिलंत तेच ठेवा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मेलेलं पुन्हा उठणं. मराठी बायबलात यासाठी ‘पुनरुत्थान’ आहे. पत्रकात अर्थ द्यायचा असला तर तो द्या, ‘पुनर्जन्म’ नको, त्याने आपल्याकडे भलतीच कथा सुरू होते.

आणि भेटीच्या प्रसंगाचं वर्णन करणार असाल तर तेवढ्यापुरतं ‘राजमाता’ बाजूला ठेवा. तोवर म्हातारी तिला झिडकारते आहे, पाठ फिरवून निघाली आहे. अशात मुलगी खोकते. आजारी आहेस का, म्हातारी विचारते. नाही, घाबरले की मला खोकला येतो. तिथे ती थांबते आणि तिला जवळ घेते. त्या वाक्यात ‘आजी’ लिहा.