कॅनडा-अमेरिका सॉफ्टवुड व्यापार : तुलना करताना काय पाहावं?

तुमचा प्रश्न असा, की १९८० पासूनच्या कॅनडा आणि अमेरिकेच्या सॉफ्टवुड (पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचं लाकूड) व्यापाराची तुलना करायला दोघांचे आयात-निर्यातीचे आकडे शेजारीशेजारी मांडले तर पुरेल का. नाही पुरणार. हे तक्ते मी बरेच चाळलेत, म्हणून सांगतो.

पहिली गोची मापातच आहे. अमेरिकेचे आकडे बोर्ड फुटांत (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळीएवढं लाकूड), कॅनडाचे बहुतेक घनमीटरमध्ये. कोष्टकात हजार बोर्ड फूट म्हणजे २.३६ घनमीटर असं मिळतं. पण ज्याला ‘टू बाय फोर’ (दोन बाय चार इंच) म्हणतात ते लाकूड वाळवून, रंधा मारून झाल्यावर दीड बाय साडेतीन इंचच उरतं. ८ चौरस इंचांच्या जागी सव्वापाच! म्हणजे हातात पडतं ते १.५५ घनमीटरच्या आसपास. हे ध्यानात न घेता बेरीज-वजाबाकी केली, तर कधी न झालेला व्यापारही कागदावर दिसायला लागतो.

दुसरं, साल कुठलं धरता? हे लाकूड मुख्यतः अमेरिकेतल्या घरांच्या सांगाड्यात जातं. २००५ मध्ये तिथे २० लाखांवर घरांची कामं सुरू झाली, २००९ मध्ये जेमतेम साडेपाच लाखांची. ही दोन सालं घेऊन ‘शुल्कानं कॅनडाची निर्यात बुडवली’ म्हणणारे भेटतात, पण त्या पडझडीच्या काळात अमेरिकेचं आयात शुल्क थांबवणारा दोन्ही देशांतला २००६ चा करार लागू होता. म्हणून एकूण आकडे सोडा, हिस्सा बघा. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या खपात कॅनडाचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या वर होता. आता तो पाव हिश्शाच्या आसपास आहे.

अमेरिकेच्या आयात शुल्काचं भांडण जुनंच. कॅनडातलं बहुतेक जंगल सरकारी, तोडीचा दर प्रांत ठरवतात. अमेरिकेत बरीचशी झाडं खासगी जमिनीवरची, बाजारभावानं विकलेली. ‘प्रांतांचे कमी दर म्हणजे छुपी सबसिडी आहे’ ही अमेरिकी सॉ मिलवाल्यांची (लाकूड चिरण्याच्या गिरण्यांची) तक्रार १९८२ पासून चालू आहे. मध्ये १९९६ आणि २००६ चे करार झाले. दुसरा २०१५ मध्ये संपला, २०१७ पासून पुन्हा शुल्क. २०२५ मध्ये बहुतेक कॅनेडियन कंपन्यांसाठी ते ३५ टक्क्यांवर गेलं, आणि ऑक्टोबरात त्यावर आणखी १० टक्के.

तरी माझ्या मते वाटा घटण्यात निम्मा हात एका किड्याचा आहे. हिवाळे सौम्य झाले तसा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात माउंटन पाइन बीटल हा किडा माजला आणि तिथला विक्रीयोग्य पाइन जवळपास अर्धा मेला. मेलेलं झाड कुजण्याआधी तोडायला हवं, म्हणून आधी काही वर्षं उत्पादन चांगलंच फुगलं. मग कच्चा मालच आटला आणि गिरण्यांना टाळी लागली.

कॅनेडियन कंपन्या मात्र हात चोळत बसल्या नाहीत. वेस्ट फ्रेझर, कॅनफोर, इंटरफोर यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सॉ मिल विकत घेतल्या. तिथे चिरलेला सदर्न यलो पाइन (तिथलाच स्थानिक पाइन) अमेरिकी उत्पादनात मोजला जातो, शुल्काचा प्रश्नच नाही, आणि नफा जातो कॅनडातल्या मुख्यालयाकडे. देशवार तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे निर्यातीच्या रकान्याशेजारी या कंपन्यांच्या अमेरिकेतल्या उत्पादनाचा एक रकाना घाला. तो आकडा त्यांच्या वार्षिक अहवालांत मिळतो.