माझी फाइल गेली कुठे? आणि वाचकांचे बाकीचे कॉम्प्युटर प्रश्न

या वेळी प्रश्न बरेच आलेत आणि जवळजवळ सगळे नव्याने शिकणाऱ्यांचे. कोणाचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि जुना लॅपटॉप घरी ठेवून गेला, कोणी एमएस-सीआयटी लावलंय पण क्लासमध्ये विसाव्या वर्षाच्या पोरांसमोर हात वर करायची लाज वाटते, असं सगळं. एकामागून एक वाचत गेलो तर लक्षात आलं की शब्द वेगवेगळे आहेत, रॅम, फोल्डर, फॉन्ट, क्लाउड, पण विचारायचं एकच आहे, माझी वस्तू नक्की आहे कुठे? म्हणून मी पण उत्तरं त्याच अंगाने देतोय, ज्यांना व्याख्या पाठ करायच्यात त्यांनी सरळ गाइड घ्यावं.

प्रश्न : दुकानदार म्हणतो मेमरी कमी आहे, वाढवा. मुलगा फोनवर म्हणतो मेमरी ५१२ जीबी आहे, भरपूर झाली. मग लॅपटॉप एवढा स्लो का? दोघांतलं खरं कोण बोलतंय?
– एक निवृत्त वाचक, नाशिकरोड

काका, दोघंही खरं बोलतायत, फक्त दोघं वेगवेगळ्या वस्तूला मेमरी म्हणतायत. मुलगा बोलतोय ते स्टोरेज. तुमचे फोटो, पेन्शनची कागदपत्रं, खुद्द विंडोज, हे सगळं कायमचं जिथे राहतं ती जागा, म्हणजे हार्ड डिस्क नाहीतर एसएसडी. दुकानदार बोलतोय ती रॅम, जुन्या लॅपटॉपमध्ये ती बहुतेक वेळा ४ किंवा ८ जीबी एवढीच असते. स्टोरेज म्हणजे स्वयंपाकघरातलं फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा, फडताळ कितीही मोठं असू दे, काम ओट्यावरच करायचंय, आणि ओटा वीतभर असला की पोळपाट ठेवायला आधी परात उचलून फडताळात ठेवा, मग परात काढायला पोळपाट ठेवा, यातच सकाळ जाते. तुमचा लॅपटॉप सध्या तेच करत असणार.

अजून एक फरक आहे तो जास्त महत्त्वाचा. वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं, स्टोरेजमधलं तसंच राहतं. तुम्ही सोसायटीचं पत्र टाइप करताय, स्क्रीनवर सगळं दिसतंय, पण सेव्ह केलेलं नाही म्हणजे ते अजून फक्त रॅममध्ये आहे, आणि उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली (लॅपटॉपची बॅटरी जुनी असली की पाच मिनिटंही धरत नाही) की संपलं. म्हणून दोन ओळी झाल्या की कंट्रोल आणि एस, हात आपोआप जायला पाहिजे.

आता स्लो का आहे ते दुकानात न जाता बघता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर क्लिक करा. नेहमीची कामं चालू ठेवून बघा, मेमरीचा आकडा कायम नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय, दुकानदार बरोबर. पण मेमरी निवांत आहे आणि डिस्कचा आकडा सारखा शंभर टक्क्यांना चिकटलाय, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची चकती फिरत असते आणि एक दांडी तिच्यावर इकडून तिकडे सरकत माहिती शोधते, एसएसडीमध्ये फिरणारं सरकणारं काहीच नाही, त्यामुळे ती कितीतरी पटीने फास्ट. माझं मत विचाराल तर जुन्या लॅपटॉपवर खर्च करायचाच असेल तर आधी एसएसडी टाका, रॅम नंतर. आणि रॅम टाकायच्या आधी विचारून घ्या, काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डलाच चिकटवलेली असते, वाढवता येत नाही.

प्रश्न : १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घेतली, जोडली तर ९३१ जीबीच दाखवते. उरलेली जागा दुकानदाराने काढून घेतली का?
– सिडको

नाही हो, भांडायला जाऊ नका. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट (बाइट म्हणजे माहिती मोजायचं छोटं माप) धरतात आणि तेवढे बाइट तुम्हाला मिळालेत. विंडोज मात्र हजारने मोजत नाही, १०२४ ने मोजतं. १०२४ बाइटचा एक केबी, १०२४ केबीचा एक एमबी, १०२४ एमबीचा एक जीबी, म्हणजे विंडोजच्या हिशोबाने एक जीबी होतो १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. लाख कोटीला या आकड्याने भागा, उत्तर ९३१ आणि वर थोडं. माल तोच, माप वेगळं. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क आणली तिच्यात ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि जागा ५ एमबीच्याही आत, आज मोबाइलने काढलेला एखादा फोटो त्यात बसला तर बसला. तुम्ही खिशात घालून आणलीत ती १ टीबी, तर ते ६९ जीबी सोडून द्या.

याच्याच पोटातला एक प्रश्न कॉलेज रोडवरून आलाय, की नेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे आणि डाउनलोड करताना १२ च दिसतात. तिथे पण फसवणूक नाही. प्लॅनमधला बी छोटा, तो बिटचा, डाउनलोडमधला बी मोठा, तो बाइटचा, आणि ८ बिटचा एक बाइट होतो. १०० भागिले ८, साडेबारा. १२ येत असतील तर उलट बरंच चाललंय म्हणा. ४ आले तर तक्रार करा, पण आधी लॅपटॉप राउटरच्या जवळ नेऊन बघा, कारण वायफाय म्हणजे फक्त राउटर ते तुमचा लॅपटॉप एवढीच बिनतारी वाट, इंटरनेट त्याच्या पलीकडून येतं आणि मधल्या दोन भिंतींचा दोष कंपनीच्या माथी नको.

प्रश्न : सातबारा डाउनलोड केला. झाला असं खाली लिहून येतं पण दिसत कुठेच नाही, पाच वेळा केला. शेवटी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून बँकेत नेला, त्यांनी घेतला नाही.
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

दादा, पाचही सातबारे तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये बसलेत. वेबसाइटवरून जे काही उतरतं ते, तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर, डाउनलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये जातं. कीबोर्डवर खाली डावीकडे विंडोजची खिडकी असलेलं बटण आहे, ते आणि ई एकत्र दाबा, डाव्या बाजूला डाउनलोड्स दिसेल. आत पन्नास गोष्टी असतील, घाबरू नका, वरती डेट मॉडिफाइडवर क्लिक करा म्हणजे नवीन फाइल सगळ्यात वर येते (उलटं झालं तर परत एकदा क्लिक). तिथे लांबलचक आकड्यांच्या नावाची फाइल दिसेल आणि तिच्या आसपास त्याच नावाच्या पुढे कंसात १, २, ३, ४ लावलेल्या बाकीच्या, कारण त्या नावाची फाइल आधीच असली की ब्राउझर (क्रोम, एज वगैरे) नवीन फाइलला असा नंबर देतो. एक ठेवा, चार उडवा. ठेवलेली निवडून एफ२ दाबा आणि माणसाला कळेल असं नाव द्या, गट नंबर आणि महिना टाका, पुढच्या वर्षी पीक कर्जाच्या वेळी शोधायला सोपं जाईल.

नाव बदलताना शेवटी टिंब आणि पीडीएफ असं असेल तर तेवढं शेपूट तोडू नका. त्याला एक्स्टेंशन म्हणतात, फाइल कशाने उघडायची ते विंडोज त्याच्यावरून ठरवतं. बऱ्याच कॉम्प्युटरवर ते लपवलेलं असतं आणि ते लपवणं मला अजिबात पटत नाही, व्ह्यू मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेंशन्सवर टिक करून ठेवा. कारण उद्या तुम्हाला ईमेलवर बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई अशी फाइल कोणी पाठवली तर शेपूट लपलेलं असताना ती साधी पीडीएफ वाटते, आणि ईएक्सई म्हणजे उघडला की चालू होणारा प्रोग्राम. तो काय करेल सांगता येत नाही. अशी फाइल सरळ डिलीट.

प्रश्न : डेस्कटॉपवरचं मंडळाच्या हिशोबाचं आयकॉन पेन ड्राइव्हमध्ये कॉपी केलं. झेरॉक्सवाल्याकडे उघडलंच नाही, तो म्हणाला पेन ड्राइव्ह खराब आहे.
– पंचवटी

पेन ड्राइव्ह चांगला आहे, नवीन घेऊ नका. त्या आयकॉनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात वाकडा छोटा बाण आहे का बघा. असला तर तो शॉर्टकट आहे, म्हणजे त्यात हिशोब नाही, हिशोब तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कुठे ठेवलाय त्याचा नुसता पत्ता आहे, साइज बघा, एक-दोन केबी निघेल. तो पत्ता झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर शोधला तर तिथे काय सापडणार. आयकॉनवर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन म्हणा, खरी फाइल जिथे आहे तो फोल्डर उघडेल, ती कॉपी करा. आणि तिथे प्रिंट काढून झाली की त्यांच्या डेस्कटॉपवर तुमची फाइल राहिली नाही ना ते बघूनच निघा, व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर मोबाइलमध्ये लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन लॉग आउट करा. आधार कार्डांच्या कॉप्या अशा दुकानांच्या कॉम्प्युटरवर किती पडलेल्या असतात ते एकदा तिथला रिसायकल बिन उघडला की कळतं.

प्रश्न : महिला मंडळाचा अहवाल डीटीपीवाल्याकडून मराठीत टाइप करून आणला. घरी उघडला तर सगळी इंग्रजी अक्षरं, अर्थ काहीच लागत नाही. व्हायरस असेल का?
– गंगापूर रोड

ताई, व्हायरस नाही, जुन्या फॉन्टची करामत आहे. डीटीपीत वर्षानुवर्षं कृतिदेव, श्रीलिपी असले फॉन्ट वापरले गेले. त्यांची युक्ती अशी की फाइलमध्ये साठवायची इंग्रजी अक्षरं आणि स्क्रीनवर त्या जागी आकार काढायचा मराठी. म्हणजे कृतिदेवमध्ये भारत लिहायचं तर फाइलमध्ये जातात एच, के, के, जे, आर. त्यातला एच हा अर्धा भ काढतो, पहिला के त्याला दांडी लावून पुरा करतो, दुसरा के काना देतो, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. तुमच्या घरी तो फॉन्ट नाही, मग कॉम्प्युटर फाइलमध्ये खरोखर जे आहे तेच दाखवतो. तो खोटं बोलत नाहीये, डीटीपीवाल्याकडे जे दिसत होतं तो देखावा होता.

युनिकोडमध्ये असं नसतं. तिथे जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर आहे, क चा ०९१५, आणि तो क मोबाइलवर, लॅपटॉपवर, कुठल्याही युनिकोड फॉन्टमध्ये क च राहतो. व्हॉट्सॲपवर तुम्ही मराठी लिहिता ते युनिकोडच, म्हणून समोरच्याकडे कधी बिघडत नाही. तर डीटीपीवाल्याला सांगा की फाइल युनिकोडमध्ये करून द्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण रूपांतर झाल्यावर रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घाला, तिथे हमखास गडबड होते. नुसती प्रिंटच काढायची असेल तर पीडीएफ मागा, तिच्यात सहसा फॉन्ट सोबत येतो त्यामुळे दिसतं बरोबर. फक्त त्यातला मजकूर कॉपी करून दुसरीकडे टाकलात की परत एच के के जे आर.

स्वतःच टाइप करणार असाल तर विंडोजमध्ये मराठी आधीपासून आहे, सेटिंग्जमध्ये लँग्वेजमध्ये जाऊन मराठी जोडा आणि कीबोर्ड मराठी फोनेटिक घ्या, इंग्रजी स्पेलिंगसारखं लिहिलं की मराठी उमटतं. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते.

छोटे प्रश्न एकत्रच घेतो. हार्ड डिस्कचं नाव सी पासूनच का सुरू होतं? कारण ए आणि बी ही नावं फ्लॉपी ड्राइव्हसाठी होती, फ्लॉप्या गेल्या, नावं रिकामी राहिली. ब्राउझर आणि गूगल एकच का? नाही, क्रोम किंवा एज हा ब्राउझर, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम, आणि गूगल सर्च ही त्यात उघडणारी एक वेबसाइट. विंडोज १० बंद झालं म्हणजे लॅपटॉप फेकायचा का? फेकू नका, तो चालतोच, पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा नेहमीचा सपोर्ट संपलाय, म्हणजे सुरक्षेचे अपडेट आपोआप येत राहतील असं धरून चालू नका. अशा मशीनवर बँकेची कामं मी तरी करणार नाही.

प्रश्न : मोबाइलमधले फोटो क्लाउडवर आहेत असं सूनबाई म्हणते. म्हणजे नक्की कुठे? आणि मोबाइलमधून उडवले तर तिथे राहतात ना?
– एक आजी, इंदिरानगर

आजी, क्लाउड म्हणजे कंपनीच्या इमारतीत ठेवलेले कॉम्प्युटर, ढगात काही नाही. तुमच्या अँड्रॉइड फोनवर बहुतेक गूगल फोटोज असेल, तर फोटो तुमच्या जीमेल अकाउंटच्या नावावर गूगलकडे जातात, फुकटची जागा १५ जीबी, आणि ती ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा कारण इथेच लोक फोटो घालवून बसतात. गूगल फोटोजच्या ॲपमध्ये फोटो डिलीट केला तर तो मोबाइलमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही जातो. ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, मग कायमचा गेला. फक्त मोबाइलची जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमध्ये फ्री अप स्पेस म्हणून वेगळी सोय आहे, ती जे फोटो क्लाउडवर पोचलेत तेवढेच मोबाइलमधून काढते. नातवाच्या बारशाचे वगैरे फोटो मात्र सूनबाईला एका पेन ड्राइव्हवर किंवा डिस्कवर पण घ्यायला सांगा, एकाच जागी ठेवलेल्या वस्तूला बॅकअप म्हणत नाहीत.

आणि त्या आधी एक करा, फोनमध्ये कुठलं जीमेल अकाउंट आहे ते बघा. बऱ्याच घरांत ते मोबाइल घेताना दुकानातल्या पोराने घाईघाईत बनवून दिलेलं असतं आणि पासवर्ड घरात कोणालाच माहीत नसतो, म्हणजे फोन हरवला की फोटो क्लाउडवर असूनही तुम्हाला उघडता येणार नाहीत. सूनबाईला बसवून पासवर्ड नवीन करा, रिकव्हरीला तुमचा आणि तिचा असे दोन्ही नंबर टाका आणि पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा, फोनच्या कव्हरच्या मागे नको.